सांख्यिकीय प्रश्न ओळखायचा कसा? ‘उत्तर एक की अनेक’ ही कसोटी कुठे तुटते?

सहावी_गणित

सहावीच्या वर्गासाठी प्रश्नांची यादी तयार करते आहे. मुलांनी प्रत्येक प्रश्न सांख्यिकीय आहे की नाही ते ठरवायचं आणि एका ओळीत कारण लिहायचं. शिकवताना नेहमी दिली जाणारी कसोटी अशी: उत्तर एकच असेल तर प्रश्न सांख्यिकीय नाही, वेगवेगळी उत्तरं येत असतील तर आहे. ‘आठवड्याचे दिवस किती?’ आणि ‘वर्गातल्या मुलांना भावंडं किती?’ अशा जोडीला ती पुरते. पण पुढच्या प्रश्नांवर ती लावली की मुलं दोन्ही बाजूंनी वाद घालू शकतात, आणि दोघांचंही बरोबर वाटतं.

१) वर्गातल्या मुलांची सरासरी उंची किती? (उत्तर तर एकच आकडा आहे)
२) वर्गात सर्वांत उंच कोण?
३) वर्गात मुलं किती?
४) तुझा आवडता रंग कोणता?
५) मला शाळेत पोचायला किती वेळ लागतो? (माणूस एकच आहे)
६) फासा टाकल्यावर ६ पडण्याची संभाव्यता किती?
७) कोळ्याला पाय किती असतात?
८) प्रकाशाचा वेग किती?

सगळीकडे चालेल अशी एक कसोटी हवी आहे. आणि एखादा प्रश्न खरोखरच सीमेवर असेल तर गुण कसे द्यावेत, हेही सांगा.

---

बिंदू_आलेख

उत्तराकडे बघणं सोडा, उत्तरापर्यंत पोचायला जी सामग्री गोळा करावी लागेल तिच्याकडे बघा. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनचा शालेय सांख्यिकीचा आराखडा (२००७, सुधारित २०२०) याच मुद्द्यावर उभा आहे: सामग्रीतल्या नोंदी एकमेकींपासून वेगळ्या येणार, हे गृहीत धरून विचारलेला प्रश्न तो सांख्यिकीय प्रश्न.

वर्गात हे करून घ्यायची सोपी रीत म्हणजे रिकामा तक्ता. मुलांना प्रश्न द्या आणि उत्तर न शोधता फक्त तक्ता आखायला सांगा. डावीकडे ओळी कशाच्या (कोणाची किंवा कशाची नोंद घ्यायची), वर स्तंभाला नाव काय (काय मोजायचं, कोणत्या एककात). मग तीन गोष्टी तपासायच्या. तक्त्यात एकापेक्षा जास्त ओळी आहेत का? स्तंभातले आकडे किंवा शब्द ओळीगणिक बदलतील असं वाटतं का? आणि उत्तर देताना त्या बदलाचा विचार करावाच लागतो का? तिन्हीला ‘हो’ आलं तर प्रश्न सांख्यिकीय.

तिसरी तपासणी गाळली तर कसोटी पुन्हा लंगडी होते, म्हणून तिच्यावर जास्त वेळ द्या. ‘या कपाटातल्या पुस्तकांची एकूण पानं किती?’ हा प्रश्न घ्या. ओळी अनेक आहेत, पानांचे आकडेही वेगवेगळे आहेत. पण बेरीज करताना ते वेगळेपण नाहीसं होतं. सगळी पुस्तकं सारख्या पानांची असती तरी काम तेच राहिलं असतं. ही नुसती मोजणी झाली. ‘या कपाटातली पुस्तकं साधारण किती पानांची आहेत?’ असं विचारलं की उत्तर देणाऱ्याला ठरवावं लागतं: मध्य (सरासरी) सांगू की मध्यक (चढत्या क्रमातली मधली किंमत)? एखादा हजार पानांचा शब्दकोश असेल तर त्याचं काय करू? बहुतेक पुस्तकं कोणत्या दोन आकड्यांमध्ये बसतात? इथे वेगळेपणाशी सामना करावाच लागतो.

आता तुमची यादी. पहिला प्रश्न सांख्यिकीय आहे. सरासरी हा एकच आकडा असला तरी तो वेगवेगळ्या उंचींचा सारांश आहे. ‘उत्तर एक म्हणून नाही’ ही कसोटी इथेच तुटते, आणि सर्वाधिक मुलं याच ठिकाणी चुकतात. तिसरा प्रश्न सांख्यिकीय नाही. दोघांनी दोनदा मोजलं आणि आकडा वेगळा आला तर तो मोजण्यातला घोटाळा. चौथा जसा लिहिला आहे तसा सांख्यिकीय नाही, कारण तक्त्यात एकच ओळ आहे. पण त्याचा खरा उपयोग वेगळा आहे: सर्वेक्षणाच्या कागदावर हाच प्रश्न छापलेला असतो. त्या कागदांच्या गठ्ठ्याला विचारायचा प्रश्न ‘वर्गातल्या मुलांना कोणते रंग आवडतात?’ हा, आणि तो सांख्यिकीय. मुलांना हे दोन प्रश्न शेजारीशेजारी लिहून दाखवा. एक माणसाला विचारायचा, दुसरा सामग्रीला. हा फरक समजला की निम्मा गोंधळ जातो.

रंगाच्या प्रश्नावर आणखी एक गैरसमज दूर होतो: सांख्यिकीय प्रश्नाच्या उत्तरात आकडेच हवेत असं नाही. इथे वेगळेपण नावांमध्ये आहे. मध्य काढता येणार नाही, बहुलक (सर्वाधिक वेळा आलेलं उत्तर) सांगता येईल आणि स्तंभालेख काढता येईल.

पाचवा प्रश्न सांख्यिकीय. माणूस एकच असला तरी ओळी दिवसांच्या आहेत. ‘आज मला किती वेळ लागला?’ असं विचारलं तर एकच ओळ उरते आणि प्रश्न सांख्यिकीय राहत नाही. म्हणून ‘अनेक माणसांना विचारावं लागतं का?’ ही दुसरी लोकप्रिय कसोटीही वापरू नका.

---

प्रयोगवही

सातवा आणि आठवा प्रश्न विज्ञानाचे आहेत म्हणून लिहितो. दोन्हीचं उत्तर, प्रश्न नेमकं काय विचारतो आहे यावर अवलंबून आहे.

‘कोळ्याला पाय किती असतात?’ हे प्राणिशास्त्रातलं वर्णन आहे. आठ. तक्ता आखायची गरज नाही. पण कोळी संकटात पाय तोडून टाकू शकतात. म्हणून ‘या बागेत सापडलेल्या कोळ्यांना किती पाय आहेत?’ असं विचारलं तर काहींना आठ, काहींना सात, एखाद्याला सहा मिळतील आणि प्रश्न सांख्यिकीय होईल. विषय तोच, गट बदलला: आधी या प्राण्याचं सर्वसाधारण वर्णन विचारलं होतं, आता सापडलेले प्रत्यक्ष जीव.

प्रकाशाचा वेग हे तर याहून चांगलं उदाहरण आहे, कारण त्याची आकडेवारी उपलब्ध आहे. निर्वातातला प्रकाशाचा वेग १९८३ पासून व्याख्येनेच ठरवलेला आहे: सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर, नेमका. मीटरच त्यावरून ठरतो. त्यामुळे आज ‘प्रकाशाचा वेग किती?’ हा सांख्यिकीय प्रश्न नाही. पण भौतिकशास्त्रज्ञ अल्बर्ट मायकेलसन यांनी १८७९ मध्ये हाच वेग मोजला तेव्हाच्या नोंदी पाहा. २०–२० च्या पाच संचांत मिळून १०० मोजमापं. सर्वांत लहान २,९९,६२० किलोमीटर प्रतिसेकंद, सर्वांत मोठं ३,००,०७०. म्हणजे मोजायची वस्तू एकच, ती बदलत नाही, तरी आकडे ४५० किलोमीटर प्रतिसेकंद इतके पसरलेले. ‘या मोजमापांवरून प्रकाशाचा वेग किती धरावा?’ हा प्रश्न पूर्णपणे सांख्यिकीय आहे.

इथून मुलांना एक नवी गोष्ट दाखवता येते. वेगळेपणाचे उगम निरनिराळे असतात. उंचीत माणसंच वेगळी असतात. मायकेलसनच्या नोंदींत मोजण्याची क्रिया दर वेळी थोडी वेगळी घडते. वर्गात करायचं असेल तर एकाच टेबलाची लांबी तीस मुलांना स्वतंत्रपणे मिलिमीटरपर्यंत मोजायला सांगा. आकडे फळ्यावर लगेच लिहू नका, नाहीतर पुढची मुलं आधीच्या आकड्याकडे झुकतात. प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहून घडी घालून द्यायचं. ‘टेबलाची लांबी किती?’ आणि ‘आपल्या वर्गाने टेबलाची लांबी मोजली तेव्हा कोणते आकडे आले?’ या दोन प्रश्नांतला फरक चिठ्ठ्या उघडताना आपोआप कळतो.

जाता जाता एक सावधगिरी. मायकेलसनच्या पाच संचांच्या सरासऱ्या अनुक्रमे २,९९,९०९, २,९९,८५६, २,९९,८४५, २,९९,८२०.५ आणि २,९९,८३१.५ आहेत. शंभरांची सरासरी २,९९,८५२.४, म्हणजे आजच्या ठरलेल्या मूल्यापेक्षा सुमारे ६० ने जास्त. मायकेलसन यांनी हवेत मोजलं होतं आणि हवेत प्रकाश किंचित हळू जातो, हे लक्षात घेतलं तर फरक आणखी वाढतो. पुष्कळ मोजमापं घेतली की पसाऱ्याचा अंदाज येतो, पण सगळ्या मोजमापांत एकाच दिशेने शिरलेली चूक सरासरीने जात नाही. टेबल मोजणाऱ्या मुलांच्या पट्टीचं टोक झिजलेलं असेल तर तेच होईल.

---

नमुना_निवड

सहावा प्रश्न संभाव्यतेचा आहे, सांख्यिकीय नाही. ‘फासा निर्दोष आहे’ हे गृहीत धरलं की सहा समान शक्यता, त्यातली एक, म्हणून १/६. फासा हातात घ्यायचीही गरज नाही. गृहीतकावरून उत्तर निघतं.

हा प्रश्न उलटा केला की सांख्यिकीय होतो: ‘हा फासा निर्दोष आहे का?’ आता गृहीतकच तपासायचं आहे आणि त्यासाठी नोंदी लागतील. लक्षात घ्या, याचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असं आहे. ‘हो-नाही उत्तराचे प्रश्न सांख्यिकीय नसतात’ हा नियम काही नोट्समध्ये दिसतो, तो चुकीचा आहे.

हे वर्गात करायचं तर १२० वेळा फासा टाका. निर्दोष फाशात प्रत्येक बाजू सरासरी २० वेळा पडायला हवी. पण नेमकी २० वेळा पडेल अशी अपेक्षा ठेवायची नाही. एका बाजूच्या संख्येचं प्रमाण विचलन (ती संख्या सरासरीपासून साधारण किती इकडेतिकडे जाते याचं माप) १२० × १/६ × ५/६ चं वर्गमूळ, म्हणजे जवळपास ४.१. त्यामुळे एखादी बाजू १४ वेळा आणि दुसरी २५ वेळा पडली तर त्यात नवल नाही. समजा सहा बाजूंच्या संख्या १७, २४, १९, २२, १४, २४ अशा आल्या. प्रत्येकीचा २० पासूनचा फरक काढा, वर्ग करा, २० ने भागा, बेरीज करा: ८२ भागिले २०, म्हणजे ४.१. या बेरजेला काय-वर्ग म्हणतात, आणि निर्दोष फाशात ती ११.०७ या मर्यादेच्या वर साधारण ५ टक्के वेळाच जाते. ४.१ तिच्याहून बराच कमी, म्हणून या नोंदींवरून फासा सदोष म्हणता येणार नाही. ‘निर्दोष सिद्ध झाला’ असंही मात्र लिहू नका. थोडासा कललेला फासा १२० टाकांत सहज लपून राहतो.

सहावीला काय-वर्ग शिकवायचा नाही हे उघड आहे. त्यांच्यासाठी एवढं करा: पाच गटांना पाच फासे द्या, प्रत्येकाने १२० टाका करायच्या आणि पाचही स्तंभालेख एकाशेजारी एक लावायचे. कोणताही आलेख सपाट नसतो, आणि कोणती बाजू जास्त पडली हे गटागणिक बदलतं. केवळ योगायोगाने किती चढउतार येतात हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की मुलं ‘२४ वेळा पडला म्हणजे फासा खोटा’ अशी घाई करत नाहीत. ३० टाकांवर हा प्रयोग थांबवू नका. अपेक्षित संख्या ५ आणि प्रमाण विचलन २ च्या वर, म्हणजे चढउतार इतके मोठे दिसतात की खरंच वाईट फासाही ओळखू येत नाही.

---

सहावी_गणित

रिकामा तक्ता ही युक्ती नक्की वापरणार. दुसरा प्रश्न राहिला. ‘सर्वांत उंच कोण?’ यात ओळी अनेक, उंची वेगवेगळ्या, आणि वेगळेपण नसतं तर प्रश्नालाच अर्थ उरला नसता. मग तिसऱ्या तपासणीत तो उत्तीर्ण होतो का?

---

बिंदू_आलेख

माझ्या मते नाही. उत्तर एका ओळीकडे बोट दाखवतं, बाकीच्या ओळी फेकून देतं. उरलेल्यांच्या उंची पुढेमागे कशाही केल्या, फक्त पहिला क्रमांक कायम ठेवला, तर उत्तर तसूभरही बदलत नाही. उंचींचा पसारा कसा आहे याबद्दल ते काहीच सांगत नाही. हा यादीत शोधायचा प्रश्न आहे.

---

नमुना_निवड

‘कोण’ आहे तोपर्यंत सहमत. पण मोठ्यांत मोठी किंमत सांख्यिकीबाहेर टाकू नका, मुलांच्या मनात चुकीचा नियम बसेल. ‘वर्गात उंची किती ते किती या दरम्यान आहे?’ या प्रश्नात सर्वांत लहान आणि सर्वांत मोठी किंमतच लागते, आणि तो पसाऱ्याचाच प्रश्न आहे. पुढे जाऊन पाहा: ‘नोंदवहीतली नदीची आजवरची सर्वांत उंच पातळी कोणती?’ ही शोधाशोध. ‘पुढच्या शंभर वर्षांत पातळी किती वर जाऊ शकते?’ हा अवघड सांख्यिकीय प्रश्न, ज्यावर पूल आणि धरणं बांधणारे अवलंबून असतात. दोन्हींत ‘सर्वांत उंच’ आहे.

गुणांबद्दल: अशा प्रश्नाला ‘हो/नाही’ साठी गुण ठेवूच नका. तीन गुणांचा करा. ओळी कशाच्या हे सांगितलं तर एक, स्तंभ कशाचा आणि तो बदलेल की नाही याला एक, वेगळेपणाचं उत्तरात काय होतं याला एक. ‘सांख्यिकीय आहे, कारण सगळ्यांची उंची मोजून पसारा पाहावा लागेल’ आणि ‘नाही, कारण शेवटी एकच नाव लागतं’ या दोन्ही उत्तरांत विचार दिसतो. ‘आहे, कारण त्यात आकडे आहेत’ याला शून्य.

---

प्रश्नदुरुस्ती

ओळखण्यापेक्षा दुरुस्त करण्याचा सराव जास्त उपयोगी, म्हणून त्याबद्दल. मुलांना सांख्यिकीय नसलेला किंवा ढोबळ प्रश्न द्यायचा आणि त्याचा चांगला सांख्यिकीय प्रश्न करून मागायचा. ‘मुलं किती झोपतात?’ हा प्रश्न सांख्यिकीय आहे, तरी वाईट आहे. कोणती मुलं? कोणत्या रात्री? झोप म्हणजे अंथरुणात पडल्यापासून की डोळा लागल्यापासून? सुधारलेला: ‘आपल्या शाळेतली सहावीची मुलं शाळा असलेल्या दिवसाच्या आदल्या रात्री, दिवा बंद केल्यापासून उठेपर्यंत, किती वेळ घालवतात?’ गट, चल (काय मोजायचं), काळ आणि मोजण्याची पद्धत, चारही आलं.

मग सर्वेक्षणात ‘किती तास झोपलास?’ असं विचारू नका. मुलं ‘आठ’ लिहून मोकळी होतात आणि सगळा स्तंभ ८ ने भरतो. खरं वेगळेपण गोल आकड्याखाली दडपलं जातं. दिवा बंद केल्याची वेळ आणि उठल्याची वेळ वेगवेगळी विचारा, वजाबाकी नंतर करा. या वजाबाकीत दोन चुका हमखास होतात. रात्री १०:३० ते सकाळी ६:१५ यासाठी मुलं १०.३० मधून ६.१५ वजा करून ४.१५ लिहितात. मध्यरात्र ओलांडायची असल्याने दोन तुकडे करायला शिकवा: १२ पर्यंत दीड तास, पुढे सव्वासहा तास, एकूण पावणेआठ. दुसरी चूक सरासरी काढताना: ७ तास ४५ मिनिटं हे ७.४५ असं लिहिलं जातं, हवं ७.७५. सगळ्या वेळा आधी मिनिटांत बदलल्या (इथे ४६५) तर ही अडचण येतच नाही.

तुलनेचे प्रश्न तुमच्या यादीत नाहीत, ते घाला. ‘या दोन गटांत कोणाचं जास्त?’ यात गटातल्या गटात असलेलं वेगळेपण आणि दोन गटांमधला फरक, दोन्ही तोलावे लागतात. सांख्यिकीतज्ज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९३६ मध्ये वापरलेली आयरिस फुलांची प्रसिद्ध सामग्री यासाठी उत्तम आहे: तीन जाती, प्रत्येकी ५० फुलं, मोजमापं सेंटिमीटरमध्ये. पाकळीची लांबी सेटोसात १.० ते १.९, व्हर्सिकलरमध्ये ३.० ते ५.१, व्हर्जिनिकात ४.५ ते ६.९. सेटोसाचं कोणतंही फूल बाकीच्या दोन जातींपासून पाकळीच्या लांबीवरूनच वेगळं काढता येतं. पण ४.८ सेंटिमीटरची पाकळी हातात आली तर ती व्हर्सिकलरची की व्हर्जिनिकाची हे एवढ्यावरून सांगता येत नाही, जरी व्हर्जिनिकाची सरासरी (५.५५) व्हर्सिकलरपेक्षा (४.२६) बरीच मोठी आहे. तिन्हींचे बिंदू आलेख (प्रत्येक फुलासाठी एक ठिपका) एकाच अक्षावर, एकाखाली एक काढून घ्या.

आणि सांख्यिकीय प्रश्नाला फक्त सरासरी सांगून थांबणारं उत्तर पूर्ण गुणांचं मानू नका. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातल्या ‘ओल्ड फेथफुल’ या उष्ण पाण्याच्या कारंज्याच्या २७२ उद्रेकांची जुनी सामग्री अनेक संगणकप्रणालींत तयार मिळते. ‘पुढच्या उद्रेकासाठी किती वाट पाहावी लागते?’ याची सरासरी ७१ मिनिटांच्या आसपास येते. पण आलेख काढला की दोन उंचवटे दिसतात, एक ५५ मिनिटांजवळ आणि दुसरा ८० जवळ, आणि ७१ च्या आसपास तुलनेने कमी नोंदी. उद्रेक छोटा असला तर जमिनीखालचं पाणी कमी रिकामं होतं आणि पुढचा लवकर येतो. मोठा असला तर वेळ लागतो. तेव्हा तिथे उभ्या असलेल्या माणसाला ७१ सांगितलं असतं तर त्याचा बहुतेक वेळा अंदाज चुकला असता. ‘आधीचा उद्रेक तीन मिनिटांपेक्षा छोटा होता का?’ हे विचारून मग ५५ किंवा ८० सांगितलं असतं तर उपयोग झाला असता. सहावीच्या मुलांना पूर्ण सामग्री जड जाते. त्यातल्या सलग ४० नोंदी छापून द्या आणि पाच मिनिटांचे गट पाडून वारंवारता सारणी (प्रत्येक गटात किती नोंदी) करायला सांगा. फार मोठे गट पाडले तर दोन उंचवट्यांमधली दरी बुजायला लागते.